अळंबीची जागा

धर्मराज पाववाल्याच्या सायकलला दोन कुलपं असत. एक चाकाला आणि एक मागच्या पत्र्याच्या पेटीला. पेटीत एकही पाव उरलेला नसला तरी हे दुसरं कुलूप लागायचंच. बेकरीतले लोक थट्टेनं विचारत, "रिकाम्या पेटीतनं काय नेणार कोणी?" तर हा तोंड वाकडं करून म्हणायचा, "पेटी रिकामी हाय ह्ये चोराला कोनी सांगितलंय?" आता यावर माणसानं काय बोलावं! टपरीवर चहा घेतला तर ग्लास आधी स्वतः विसळणार. शेजारी समोरून हसला तर घरी येऊन बायकोला विचारणार, हा आज का हसला, काल तर नव्हता हसला. बायकोचं नाव हौसा. तिची सगळी हौस असल्या प्रश्नांची उत्तरं देण्यातच संपली होती. ती म्हणायची, "ह्यांचं नाव धर्मराज ठेवनारी बाई मना एकदा भेटू दे नुसती."

तसा माणूस वाईट नव्हता हो. शिळा पाव ताजा म्हणून त्यानं कधी कोणाच्या गळ्यात मारला नाही, आणि तापानं फणफणला तरी सकाळची फेरी चुकवली नाही. खांदा गावचा आगरी. वाडवडलांची भाताची शेती होती, ती नव्या पनवेलसाठी सरकारनं घेतली, आणि नांगर धरणारे हात मैदा मळायला लागले. संध्याकाळी टपाल नाक्यामागच्या बेकरीत पीठ मळायचं, पहाटे उठून भोंगा वाजवत आळ्याआळ्यांतून पाव विकायचे, दुपारी झोपायचं. बेकरीतही संशयाला सुट्टी नव्हती. पाव फुगवणारं खमीर म्हणजे आदल्या दिवशीच्या आंबलेल्या पिठाचा गोळा. तो मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेला असायचा. धर्मा त्या पातेल्याकडं असा बघायचा, जसं काही आत कोणी लपून बसलंय. "हात नाय लावला, विस्तव नाय लावला, तरी वर येतंय. कोनाच्या जोरावं?"

याचं उत्तर त्याला लाइन आळीतल्या अरुंधतीबाईंनी दिलं. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि रोज सकाळी दारात उभ्या राहून पाव घ्यायच्या, तेही एकेक पाव दाबून. त्यामुळं धर्माला त्यांच्याबद्दल आदर होता. त्या म्हणाल्या, "अहो धर्मराज, खमीर म्हणजे जिवंत बुरशी असते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक. ती पिठातली साखर खाते आणि हवा सोडते, म्हणून पीठ फुगतं."

"बुरशी?" धर्मा सायकलवरून पडायचाच बाकी होता. "म्हंजे येवढी वर्सं मी लोकांना बुरशी खायाला घालतोय?"

बाई हसल्या. आणि शिकवायची सवय ती, एकदा सुरू झाली की थांबते कसली! म्हणाल्या, तुम्ही श्रावणात अळंबी आणता, तीही त्याच कुळातली. हौसाबाई मसाल्यात दगडफूल घालतात, त्यातही अर्धी बुरशीच असते. ताडी आंबते ती याच मंडळींमुळं. मागं हौसाबाईंचा पाय काटा लागून सुजला होता, तेव्हा डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं ना, ते औषधसुद्धा पहिल्यांदा बुरशीतच सापडलं.

ते इंजेक्शन धर्माला चांगलं आठवत होतं. डॉक्टरांनी आधी हौसाच्या हातावर जरासं टोचून तिला बाहेर बसवून ठेवलं होतं, अंगावर काही उठतंय का ते बघायला. त्या दिवशी धर्माला तो डॉक्टर फार आवडला होता. आपल्यातलाच माणूस, स्वतःच्या औषधावरसुद्धा भरवसा नाही.

"म्हंजे ही सगली येकच भावकी?" त्यानं विचारलं.

"हो, तसं म्हणा."

"आन् तंटा नाय?"

त्या पाव घेऊन आत गेल्या.

पण या भावकीतल्या एकीवर धर्माचा जीव होता. ती म्हणजे अळंबी. खरं तर अळंबी नव्हे, अळंबीची जागा. नेऱ्याच्या पुढं, माथेरानच्या डोंगराकडं वाट जाते तिकडं, ओढ्याच्या वरच्या अंगाला एक जुनं वारूळ होतं. कोणाच्या सातबाऱ्यावर नाही, कोणाच्या कुंपणात नाही. श्रावणात ढग गडगडले आणि मागून चांगलं ऊन पडलं, की त्या वारळाच्या अंगाखांद्यावर पांढऱ्याशुभ्र अळंबीची जत्रा भरायची. ही जागा त्याच्या बापानं त्याला दाखवली, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. बापानं आधी मागं वळून बघितलं, कोणी येत नाही ना. मग बोटानं नाही, कोपरानं जागा दाखवली, कारण बोट दाखवलं की अळंबी तिथून उठून जाते. म्हणाला, "बायकोला सांगाची नाय, भावाला सांगाची नाय. येकानं येकालाच. मुलासकट उपटाची नाय, कोयत्यानं बुडातनं कापाची. आन् काढून झाली की वारलावं ऐनाची पाना घालाची, पालथी." त्याच दिवशी बापाच्या बोटाला कोयता लागला. बापानं शेजारची एक सुकलेली गोल अळंबी दाबली, तिच्यातून धुरासारखी भुकटी निघाली, ती जखमेवर भरली आणि रक्त थांबलं. पोरगा डोळे फाडून बघत होता.

त्या दिवसाची गोडी धर्माच्या मनातून कधी गेली नाही. शेत भावकीचं, घर सगळ्यांचं, गावाला तर काय हजार धनी. पण ही जागा बापानं त्याला एकट्याला दिली होती. म्हणजे जगात आपल्यावर पुरा विश्वास टाकणारा एक माणूस होऊन गेला. दर श्रावणात तो अळंबी आणायचा, हौसा ओलं खोबरं आणि सोललेले वाल घालून तिचं कालवण करायची, आणि धर्मा त्या दिवशी चक्क कोणाबद्दल काही न विचारता जेवायचा.

आता त्याच्या बहिणीचं सांगायला हवं. मैना त्याच्याहून बरीच मोठी. त्याला कडेवर घेऊन वाढवलेली. जासईला दिली होती. नवरा वारला, मुलगा कंटेनरच्या यार्डात कामाला लागला. शहाण्णवच्या उन्हाळ्यात, बापाच्या वाट्याच्या, सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात तिच्या साडेबारा टक्क्यांएवढा भूखंड परत मिळायची वेळ आली. तो धर्माच्या एकट्याच्या नावावर व्हायचा, तर बहिणीनं हक्क सोडायला हवा. पनवेल-उरणच्या गावांत तेव्हा घरोघर हेच चाललं होतं. भाऊ बहिणींना कचेरीत आणत, अंगठा घेत, साडी घेऊन देत आणि उसाचा रस पाजून एसटीत बसवून देत. मैनाचंही तसंच झालं. लिहिणाऱ्यानं कागद भरभर वाचला, तिनं शेवटपर्यंत ऐकला, अंगठा उठवला आणि विचारलं, "झालं काय?" बस, एवढंच.

दुसरा एखादा असता तर त्यानं बहिणीच्या पायावर डोकं ठेवलं असतं. धर्माला आला संशय. इतक्या सहज? एक शब्द नाही, डोळ्यांत पाणी नाही? घरी येऊन तो हौसाला म्हणाला, "बायच्या मनात काय तरी हाय."

हौसानं त्याच्यापुढं ताट आदळलं. "असल तर असू द्या. तेवढं तरी तिचं तिला ठेवा."

मग श्रावण आला. ढग गडगडले, ऊन पडलं. धर्मा सकाळची फेरी आटपून नेऱ्याकडं निघाला. ओढ्याजवळ करवंदीच्या जाळीत सायकल लपवली आणि वर चढला. बघतो तर वारूळ पानांनी झाकलेलं. ऐनाची पानं, पालथी घातलेली. गेल्या वर्षी त्यानं घातलेली पानं केव्हाच कुजून गेली असणार. ही हिरवी होती. त्यानं पानं बाजूला केली. खाली बुडातून कापलेले देठ, नीट, एका उंचीचे. एकही मुळासकट उपटलेला नव्हता आणि एकही अळंबी शिल्लक नव्हती.

चोरी झाली याचं धर्माला वाईट वाटलंच. पण त्याहून मोठी गोष्ट हळूहळू त्याच्या डोक्यात शिरायला लागली. परका चोर असता तर ओरबाडून गेला असता. हा चोर घरची रीत जाणत होता. म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं होतं. बापाची जागा आता त्याची एकट्याची राहिली नव्हती, आणि अळंबी कोणी नेली हे कळेपर्यंत त्याच्या घशाखाली घास उतरणार नव्हता.

घरी आल्याबरोबर तो हौसाला म्हणाला, "हात दाव."

"कशाला?"

"दाव म्हनतो ना."

त्यानं तिची नखं बघितली, माती आहे का म्हणून. मग कालवणावरचं झाकण काढून वास घेतला. मग मसाल्याची बरणी उघडून तिच्यात नाक घातलं. "ह्यो वास कसला?"

"दगडफुलाचा. लगीन झाल्यापासनं खाताय."

"ती पन त्याच कुलातली हाय. मना बाईंनी सांगितलंय."

हौसाला वाटलं, नवऱ्याला ऊन लागलं. तिनं हुंगायला कांदा आणला फोडून. मग काय झालंय ते हळूहळू बाहेर आलं, तेव्हा कांदा त्याच्या हातात कोंबून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमची जागा मना ठावं असती ना, तर मी कापून आनली नसती. तिथंच तीन दगड मांडून रांधली असती आन् तुमाला येक घास न देता खाल्ली असती. बघा अजून काय बघाचं ते. जीभ दावू?"

हौसा नाही, असं त्याला तिच्या आवाजावरून पटलं. मग तो बाजारात गेला. डोंगराकडच्या बायका पळसाच्या पानात अळंबी घेऊन बसल्या होत्या. धर्मा एकेकीपुढं उकिडवा बसून अळंबी उलटी करायचा आणि देठ निरखायचा, कापलेला की उपटलेला. शेवटी एकीनं त्याच्या हातातून अळंबी हिसकावून घेतली. "घ्याची हाय तं घे. मगापासनं नवरी बघाला आल्यासारखा काय बसलाय!" सगळा बाजार हसला. देठ सगळे उपटलेले होते.

राहिला काशिराम. काशिराम बेकरीत भट्टीवर होता. नेऱ्याकडच्या ठाकूरवाडीतला, डोंगराची पायवाट न् पायवाट ठाऊक असलेला. दोघं कित्येक वर्षं शेजारी शेजारी काम करत होते, आणि काशिरामनं दिलेला चहा धर्मा ग्लास न विसळता प्यायचा. धर्माच्या लेखी याहून मोठा मान नव्हता. आता त्यानं काशिरामशी बोलणं टाकलं. मग चार लोकांत मोठ्यानं म्हणाला, "काही लोकांना दुसऱ्याच्या हक्काची चव लागली हाय." काशिरामनं एकदा ऐकून घेतलं. धर्मा पुन्हा तेच बोलला, तेव्हा त्यानं भट्टीतून पाव ओढायची लांब दांड्याची फळी भिंतीला टेकवून ठेवली.

"कशाची चव रे?"

"आलंबीची."

काशिरामनं भट्टीचं दार लोटलं. मग म्हणाला, "धर्मा, माजा बाप आलंबी खाऊनच गेला. आईनं लसूण घालून बघितली होती. लसूण काली पडली तर आलंबी विषारी, असं सगलेच म्हनतात. लसूण पांढरीच राहिली, आन् बाप गेला. त्या दिवसापासनं आमच्या घरात आलंबी शिजली नाय, कोनी आनून दिली तरी नाय. आता तू मना चोर म्हन नायतर काय बी म्हन."

धर्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काशिरामचा हात धरावा, चुकलं म्हणावं, असं त्याला फार वाटलं. पण संशयी माणसाचं असं असतं, एका दारातून संशय हाकलला की तो दुसऱ्या दाराशी जाऊन उभा राहतो. काशिराम नाही, हौसा नाही, मग कोण? या विचारात माफी राहून गेली. काशिरामनं त्या दिवसापासून त्याला चहा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पाव देताना त्यानं अरुंधतीबाईंना विचारलं, "बाई, येकदा कापून नेली तर आलंबी परत येते?"

"येते की," बाई म्हणाल्या. "तुम्ही कापता ते नुसतं फळ. खरी अळंबी खाली वारुळात असते, पांढऱ्या धाग्यांसारखी पसरलेली. वाळवी तिथं तिची शेती करते. वरचं कोणी नेलं तरी खालचं जागेवरच असतं. पुन्हा ढग गडगडू देत, बघा."

एवढ्या सगळ्या विज्ञानातून धर्माला एकच गोष्ट कळली, ती म्हणजे चोर पुन्हा येणार.

भाद्रपदात, गौरी-गणपती गेल्यावर, ढग पुन्हा गडगडले. ऊन पडलं तसं धर्मानं बेकरीत पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि उजाडताना तो ओढ्याच्या वर कारवीच्या दाटीत जाऊन बसला. हातात काठी. समोर वारळावर अळंबी उमललेली, पण त्यानं तिला हात लावला नाही. डासांनी फोडून काढला. मनातल्या मनात तो शिव्या जुळवत होता. खरं सांगायचं तर एका अंगानं त्याला बरंही वाटत होतं. जन्मभर नुसते संशय घेतले, त्यातला एक तरी आज खरा निघणार होता.

ऊन वर आलं तेव्हा खालून कोणी चढताना दिसलं. छत्री, खांद्याला पिशवी, काष्टा मारलेलं लुगडं. बाई! दम लागून ती मधेमधे थांबत होती. वारळाजवळ आल्यावर तिनं चपला काढल्या, वारळाला हात लावून तो कपाळाला लावला आणि पिशवीतून कोयता काढून खाली बसली. एकेक अळंबी बुडातून कापायला लागली, तान्ह्या पोराची नखं काढावीत तशी, जपून. मग तिनं घाम पुसायला तोंड वळवलं, आणि धर्माच्या हातातली काठी आपोआप खाली गेली. ती मैना होती.

"बाय? तू?"

मैना जरासुद्धा दचकली नाही. "धर्मा! कवाधरनं बसलास रे तिथं? डास खातील ना."

"तुला जागा कोनी दावली?"

"बापसानं."

"खोटं. बापसानं मना येकट्याला दावली. येकानं येकालाच सांगाची, त्योच बोलला."

"मना पन तेच बोलला," मैना म्हणाली. "तू तवा पालन्यात होतास. मी बापसासंगती येयाची. कोपरानं दावली त्यानं. बोट नको दावूस, उठून जाईल बोलला."

जगात एकाच माणसावर त्यानं कधी संशय घेतला नव्हता, आणि तो मेलेला बापसुद्धा आता सुटला नाही. तेच शब्द, तेच कोपर. आणि बहिणीला आधी!

"मंग इतकी वर्सं कुठं होतीस?"

"नाय आली. तुला दावली असल ह्ये मना ठावं होतं. बोलली, जाऊ दे, धाकटा हाय, त्याला वाटू दे त्याची येकट्याची." तिनं हातातली अळंबी पिशवीत अलगद ठेवली. "ह्या वर्साला आंगठा दिला ना, घरी गेली, हात धुतला, शाई निघंना. तवा मनात आलं, शेत गेलं, भूखंड तुजा झाला, बरं झालं. पन बापसाचं आपल्याकडं काय राहिलं? मंग ही आठवली. पहिल्या एसटीनं आली." आणि ती त्याच्याकडं बघून जराशी हसली. "कागद वाचला त्यात आलंबी नव्हती ना रे? मी नीट ऐकत होती."

आता बघा. माणसाच्या आयुष्यात अशी वेळ एखादीच येते, की तोंडातून एक शब्द नीट निघाला तर सगळं नीट होतं. धर्मानं नुसतं 'नव्हती' म्हणायचं होतं. नाहीतर काही न बोलता तिच्याशेजारी बसून पानं गोळा करायची होती. त्याचे डोळे भरून आले होते हेही खरं. पण मेली सवय आडवी आली. कागद! नीट ऐकत होती! शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

"नीट ऐकत होतीस म्हंजे?" तो म्हणाला. "कोनी शिकवलं तुला? वकील गाठलास काय? आज आलंबी न्हेतेस, उद्या भूखंडासाठी कोरटात जाशील."

मैनाचं हसू गेलं. ती उठली आणि तिनं पिशवी उपडी केली. सगळी अळंबी वारळाच्या पायाशी सांडली. तिनं वाकून ओल्या मातीत अंगठा बुडवला आणि धर्माच्या सदऱ्यावर, बरोबर छातीवर, दाबून धरला.

"घे. आलंबीवरचा पन सोडला. अजून काय राहिलं असल तर आताच सांग बाबा, म्हंजे सारखं सारखं येयाला नको."

तिनं छत्री उचलली, चपला हातात घेतल्या आणि ती उतरायला लागली. "बाय! अगो बाय, थांब ना!" धर्मा ओरडला. तिनं वळून बघितलं नाही. ओढ्यापलीकडं छत्री दिसेनाशी झाली तरी हा तिथंच उभा. पायाशी दोन घरांना पुरून उरेल एवढी अळंबी पडली होती. त्यानं त्यातली एकही उचलली नाही.

हौसानं सदरा बघितला आणि सगळं विचारून घेतलं. त्या दिवशी ती त्याला काही बोलली नाही, आणि हौसा बोलली नाही म्हणजे काय ते घरातल्या भांड्यांनासुद्धा कळलं असेल.

भाऊबीजेला तो जासईला गेला. मैनानं ओवाळलं, जेवू घातलं, नातवाची थट्टा केली, वाईट एक शब्द काढला नाही. निघताना तो म्हणाला, "फुडच्या श्रावनात ये. दोघं जाऊ."

"मना चढवत नाय रे आता," ती म्हणाली आणि त्याच्या पिशवीत फराळाचा डबा ठेवला.

भूखंडाबद्दल काही बोलावं, निम्मा तुझा म्हणावं, असं त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण मग वाटलं, आता बोललो तर तिला वाटेल, कोर्टाला भिऊन बोलतोय. तेही राहून गेलं.

पुढच्या श्रावणात त्यानं निम्मीच अळंबी कापली. निम्मी तशीच ठेवली आणि वर पानं घातली. भाच्याजवळ निरोप दिला, "आईसला सांग, तिची ठेवली हाय." थोड्या दिवसांनी पुन्हा चढून गेला. जन्मभर चोराला भ्यालेला माणूस आता चोर आलेला असावा म्हणून देवाला हात जोडत होता. पानं बाजूला केली, तर सगळी अळंबी काळी पडून तिचं पाणी झालेलं. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच झालं. त्याच्या पुढच्याही वर्षी.

मग त्याचे गुडघे कुरकुरायला लागले. एका श्रावणात, ऊन पडलेलं बघून, तो निघायच्या आधी हौसासमोर येऊन उभा राहिला. ती सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती.

"हौसा, आयक. नेऱ्याच्या फुडं ओढा लागतो ना, त्याच्या वरच्या अंगाला—"

हौसानं सूप खाली ठेवलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. "नको."

"अगो, जागा सांगतोय. तुला. माज्यामागं कोनाला तरी ठावं असाला पायजे."

"नको म्हनते ना! आज सांगाल, आन् फुडच्या साली चार कमी भरल्या की माजी नखा बघाल. मैनाबायला ठावं होतं, ती चोर झाली. मना काय ठावं नाय, म्हनून मी ह्या घरात नांदतेय."

तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि ती तांदूळ निवडायला लागली. ती वर बघेल म्हणून धर्मा बराच वेळ तिथं उभा राहिला. मग कोयता घेतला, सायकल काढली आणि एकटाच नेऱ्याला गेला.